तेरावी फेरी

त्या डबीवरचा हिरवा दिवा एकोणीस सेकंदांत वीस वेळा लुकलुकायचा. मी मनगटावरच्या घड्याळात पाहून मोजलं होतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा गाडी दारातच होती, किल्ली नुसती फिरवलेली, इंजिन बंद. दुसऱ्यांदा इंजिन सुरू करून, गाडी जागेवरच. तिसऱ्यांदा वारुंजी फाटा मागे टाकल्यावर, काटा साठावर स्थिर होता तेव्हा. तिन्ही वेळा एकोणीस सेकंद.

“काय मोजतीस?” आबांनी विचारलं. गाडी तेच चालवत होते.

“दिवा किती वेळा लागतो ते.”

“वेग वाढवला तसा वाढला का?”

“नाही. तेवढाच आहे.”

“मग शिकत असंल अजून,” आबा म्हणाले. “खोक्यावर लिवलंय की. अडीचशे किलोमीटर इंजिन शिकतंय, मग काम चालू करतंय. नव्या माणसाला बी लागतातच चार दिवस.”

आबा माझे सासरे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून आणि मूठ कानाशी धरून ते आतला आवाज ऐकत, आणि कुठला वाल्व्ह सैल आहे ते सांगत. इंजिनांत कॉम्प्युटर आले ते आबा निवृत्त झाल्यानंतर. त्यामुळे बोनेटखालच्या सगळ्या गोष्टींवर त्यांचा हक्क होता, पण स्टिअरिंगखालच्या त्या चपट्या खाचेपुढे ते थोडे बिचकत. गॅरेजवाले त्या खाचेत आपलं यंत्र जोडतात आणि गाडीला काय झालंय ते पडद्यावर वाचतात. ही डबी त्याच खाचेत बसवायची होती. काड्यापेटीहून जरा मोठी, काळी, वर हिरवा दिवा. खोक्यावर म्हटलं होतं की ती इंजिनाचा मेंदू वाचेल, आपली चालवायची सवय ओळखेल आणि पेट्रोल-हवेचं प्रमाण नव्याने ठरवेल. ताकद वाढेल, पेट्रोल वीस टक्क्यांपर्यंत वाचेल.

डबी संग्रामने मागवली होती. संग्राम माझा नवरा, आबांचा एकुलता मुलगा.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्याने फोन माझ्यासमोर धरला होता. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. गाळप जोरात होतं, आणि मी दिवसभराचे आकडे घरी आणून तपासत बसले होते.

“केमिस्टबाई, हे खरं असंल का?”

“मागव आणि बघ,” मी म्हणाले. फोनकडे पाहिलं नाही.

त्याने मागवली. पाच दिवसांनी बॅडमिंटन खेळताना तो कोर्टावर खाली बसला आणि उठला नाही. बेचाळीस वर्षांचा होता. डबी बाराव्याच्या दिवशी आली. अंगणात पंगत बसली होती. कुरिअरवाल्याने फाटकातून संग्राम थोरवडे असं नाव पुकारलं, तेव्हा जेवणाऱ्यांचे हात थांबले. आबा उठले, सही केली, खोकं आतल्या कपाटावर ठेवलं आणि परत येऊन वाढायला लागले. त्याच पंगतीत माझ्या मनगटावर वरण सांडलं होतं. कढत असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिथे मोठा फोड दिसला. सांडलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा आबांनी ते खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

“लावून बघू म्हणतो.”

“नुसतं लावून कळणार नाही, आबा. मोजावं लागेल. एकदा डबी लावून, एकदा न लावता. रस्ता तोच, वेळ तीच, वेग तोच. निदान दहा फेऱ्या.”

महिन्याभरात मी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“वर्कशॉपात असंच करायचो. टाकी काठोकाठ भरायची, गाडी पाठवायची, आली की परत भरायची. जेवढं बसलं तेवढं पिली.”

असं ठरलं. दर रविवारी सकाळी साडेसातला कराडहून निघायचं, पाटणला हिंदुरावच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि परत यायचं. जाऊन-येऊन बहात्तर किलोमीटर. एसी बंद, काचा वर, चाकांत हवा तेवढीच. साडेदहाला त्याच पंपावर, त्याच नळीने, आपोआप खटका बंद होईपर्यंत टाकी भरायची. आठवडाभर गाडी हलवायची नाही. विषम फेरीला डबी लावायची, सम फेरीला काढायची. मी एका शंभर पानी वहीत रकाने आखले. ती वही अजून माझ्याजवळ आहे. अकरा वर्षांत पानं पिवळी पडली आहेत, पण आकडे स्वच्छ दिसतात.

पहिली फेरी, डबीसह: ४.०२ लिटर. दुसरी, डबीविना: ४.०५. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, ‘फरक नाही.’ तेवढा फरक पंपाच्या खटक्याचाही असू शकतो.

घरी आल्यावर आबा फाटक लावायचे. कडी अडकवताना तिच्याकडेच बघत विचारायचे, “मग, पुढच्या रविवारी?”

“हो. पुढच्या रविवारी.”

तिसरी फेरी, डबीसह: ३.५२.

पंपावरच्या सविताताईंनी आकडा सांगितला तेव्हा मी त्यांना परत एकदा खटका दाबायला लावला. आणखी थेंबभरही गेलं नाही.

“शिकलं ते,” आबा म्हणाले. “अडीचशे बी लागलं न्हाईत.”

मी भागाकार केला. लिटरला साडेसतरा-अठरा देणारी गाडी साडेवीसवर गेली होती. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी आधी नमुना बघितला असता आणि मग नमुना आणणारा. मी सोमवारी डबी पर्समध्ये घालून कारखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत तिचे दोन स्क्रू काढले आणि भिंगाखाली धरली. आत नखाएवढी पाटी होती, त्यावर एक चिप आणि तो दिवा. खाचेत बसणाऱ्या सोळा पिनांपैकी बॅटरीची वीज आणणाऱ्या पिनांना तेवढी तार जोडलेली होती. गाडीचा कॉम्प्युटर ज्या पिनांमधून बोलतो त्या मागून कोऱ्या होत्या. डबी इंजिनाला काही विचारू शकत नव्हती, काही सांगू शकत नव्हती. तिला फक्त लुकलुकता येत होतं.

मी स्क्रू परत बसवले. संध्याकाळी डबी गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली. आबांना सांगायचं म्हणून स्वयंपाकघरापर्यंत गेले. ते भाकरी भाजत होते. सासूबाई गेल्यापासून रात्रीच्या भाकरी तेच करत. तव्यावरची भाकरी उलटत ते म्हणाले, “हिंदुरावला सांगितलं आज फोनवर. साडेवीस म्हटलं. त्याला पटंना. म्हटलं, माझ्या पोरानं मागवलेलं हाय, उगं न्हाई.”

मी ताट घेतलं आणि बसले.

त्याच आठवड्यात मला पत्र आलं. कामावरून आले तर ते माझ्या टेबलावर, वर्तमानपत्राखाली, बंद पाकिटात होतं. हैदराबादच्या एका अन्न-परीक्षण प्रयोगशाळेचं. संग्राम असताना, नोव्हेंबरात, मी तिथे मुलाखत देऊन आले होते. त्यांनी मला घेतलं होतं. मी रुजू व्हायला मुदत मागितली, त्यांनी एक जूनपर्यंत दिली. मे महिन्याच्या बावीस तारखेपर्यंत नक्की काय ते कळवायचं होतं.

मी गेले तर आबा त्या घरात एकटे राहणार होते. माझी नणंद मालनताई उंब्रजला होती, पण लेकीच्या घरी आबा दोन दिवसांच्या वर टिकत नसत. मी राहिले तर काय होणार होतं, ते मला माहीत होतं. तो कारखाना, तेच आकडे, आतल्या खोलीच्या खुंटीवर संग्रामची रॅकेट. मला जायचं होतं. ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात म्हणत नव्हते. दहा फेऱ्या झाल्या की आबांना सांगू, एवढंच ठरवलं.

पाचव्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले होते. आबा मोरीपाशी उभे राहून चुळा भरत होते. एक, दोन, सहा, सात. मी चहा ठेवला, तर म्हणाले, “मला नको आत्ता. पाटणला घिऊ.” आबा उठल्या उठल्या चहा न घेणारे नव्हते. मग आठवलं, तिसऱ्या फेरीच्या सकाळीही त्यांनी चहा नको म्हटला होता. चौथ्या फेरीला घेतला होता.

त्या दिवशी टाकी ३.४९ लिटरला भरली. सविताताई नळी अडकवत म्हणाल्या, “आबा, तुमची स्कूटर काय आजारी हाय का वो?”

“का गं?”

“परवा अर्धा लिटर भरून नेलं. पंधरा दिसांमागं बी अर्धाच. औषध पाजल्यावानी. अर्ध्या लिटरात जाता कुठं?”

“देवळात जातो,” आबा म्हणाले. “तुझ्यासारख्यांना बुद्धी दे म्हणून सांगायला.”

सविताताई हसल्या. मी वहीत आकडा लिहिला आणि पेनाचं टोपण लावलं.

घरी आल्यावर मी पडवीतल्या स्कूटरकडे पाहिलं. तिच्यावर धूळ होती, फक्त सीट आणि पेट्रोलच्या झाकणाभोवतीची कडा पुसल्यासारखी स्वच्छ होती. मागे खिळ्याला हातभर प्लॅस्टिकची नळी लावलेली. म्हणजे असं होत होतं. खटका बंद झाला तरी टाकीच्या नरड्यात अर्धा-एक लिटरची जागा उरते, हे वर्कशॉपच्या माणसाला माहीत असतंच. डबीच्या रविवारी आबा पहाटे स्कूटरमधून नळीने पेट्रोल ओढत होते, तोंडाने, आणि गाडीच्या टाकीत ओतत होते. परत आल्यावर टाकी तेवढ्याने कमी भरायची. चार लिटरमधून अर्धा वजा.

आबा संग्रामच्या डबीला पेट्रोल पाजत होते. मला ते कळलं होतं. पुढच्या विषम रविवारी मी चहा एकाच कपाचा ठेवला.

सातवी फेरी: ३.५४. नववी: ३.५०. सम फेऱ्या चार लिटरच्या आसपास. इतके सुंदर आकडे मला कारखान्यात कधी मिळाले नव्हते. मी ते एकाखाली एक लिहीत गेले. रविवारी सकाळी गाडीत बसल्यावर आम्ही बोलायचो, ते बहुतेक गाडीबद्दलच. सुपन्याच्या वळणावर तिसरा गिअर की चौथा. मागचं चाक आवाज करतंय का. संग्रामचं नाव निघालंच तर त्याच्या चालवण्यावरून.

“क्लचवर पाय ठिवून बसायचा कायम,” आबा एकदा म्हणाले. “सांगून सांगून दमलो.”

“मलाही तीच सवय लागली होती त्याच्यामुळे.”

“तुझी मोडली मी. त्याची न्हाई मोडली.”

आठवड्यातले सहा दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज असे. सातव्या दिवशी हे.

दहावी फेरी एप्रिलच्या शेवटी झाली. मी वहीवर दुहेरी रेघ मारली. आता सरासरी काढायची, निष्कर्ष लिहायचा आणि मग सांगायचं. आबा फाटकाची कडी अडकवत होते.

“दहानं काय कळतंय,” ते म्हणाले. “मी म्हणतो अजून चार करू. उन्हाळ्यात इंजिन येगळं चालतं.”

उन्हाळा दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाला होता.

“चार करू,” मी म्हणाले.

“मग, पुढच्या रविवारी?”

“हो. पुढच्या रविवारी.”

तेरावी फेरी मेच्या एकवीस तारखेला आली. दुसऱ्या दिवशी हैदराबादला कळवायचं होतं. त्या सकाळी आबा मोरीपाशी चुळा भरताना बराच वेळ खोकत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी हात हलवून आत जा म्हणून खुणावलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. गाडीत बसल्यावरही मल्हारपेठपर्यंत ते मधूनमधून खोकत राहिले. हिरवा दिवा त्यांच्या गुडघ्यावर लुकलुकत होता.

पाटणला हिंदुराव आमची वाटच पाहत होता. साठीचा, बुटका, तोंडाचा पट्टा कायम चालू. आम्ही बाकावर बसायच्या आत त्याने चहा ओतायला घेतला.

“आज लावून का काढून?”

“लावून,” आबा म्हणाले.

“मग आज चहात साखर कमी घालतो. यंत्रानं गोड होईल आपोआप.”

“तुझा चहा यंत्रानं बी सुधरायचा न्हाई.”

“ते सोडा. सूनबाई, तुम्हाला एक इचारायचं होतं.” हिंदुरावने फडक्याला हात पुसले आणि समोर येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच तो चेष्टेत नव्हता. “माझ्या भावाच्या वडापच्या तीन जिपा हायत, ठावं हाय न्हवं आबांना. ढेबेवाडीच्या लाइनीला शिटा भरून पळतात. रोजचं डिझेल परवडंना झालंय. आबा म्हणतात साडेवीस देती गाडी. तर तीन डब्या मागवाव्या म्हणतो. भाऊ म्हणतो फसवाफसवी असंल, मी म्हटलं आबांच्या सुनंनं वहीत लिवून मोजलंय. तीन महिने.”

आबा चहाच्या ग्लासाकडे बघत होते.

“तिलाच इचार,” ते म्हणाले. “मी काय, जुना माणूस. ती सायन्सवाली हाय.”

हिंदुराव माझ्याकडे बघत उभा राहिला. पर्समध्ये वही होती. तिच्यात सगळे आकडे त्याच्या बाजूने होते. पंपावरच्या यंत्राने दाखवलेले, मी स्वतः उतरवलेले, एकही खोडलेला नाही.

“मागवू नका, हिंदुराव,” मी म्हणाले.

“का वो?”

“त्यात काही नाही. मी उघडून बघितलीय. दिवा आहे फक्त. गाडीत लावा नाहीतर भिंतीवर लावा, तेवढाच चालेल.”

“आणि साडेवीस?”

“ती मोजायची चूक आहे. माझी.”

हिंदुरावने एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि दूध ढवळायला लागला. त्याला किती समजलं ते मला कधी कळलं नाही. आबांनी चहा संपवला, ग्लास विसळून उलटा ठेवला, जे ते कधी करत नसत, आणि गाडीकडे निघाले.

मल्हारपेठ आलं. गाव मागे पडल्यावर आबांनी एका चिंचेखाली गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. किल्ली अर्धीच फिरवली होती. दिवा चालू राहिला.

“कधी उघडलीस?”

“तिसऱ्या फेरीनंतर.”

“म्हंजे मार्चात.”

“हो.”

“आणि पेट्रोलचं?”

“सविताताई बोलल्या त्या दिवशी. पाचवी फेरी.”

आबांनी बोटांवर मोजलं. “आठ रविवार. तरी लिवत ऱ्हायलीस.”

“पंपावरचा आकडा लिहीत होते.”

“आकडा खराच होता की,” ते म्हणाले, आणि त्यांना परत खोकला आला. मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी दोन घोट घेतले.

“आबा, तोंडाने ओढू नका नळी. छातीत गेलं तर दवाखान्यात राहावं लागेल.”

“चौतीस वर्षं वढलं.”

“तेव्हा एकाहत्तर वर्षांचे नव्हता.”

“तेव्हा कुणी बगत बी नव्हतं,” आबा म्हणाले. त्यांनी काच खाली केली. बाहेरून गरम वारा आला. समोरच्या शेतात ऊस तोडून नेल्यावर उरलेला पाला जळून काळा पडला होता.

“पहिल्यांदा वतलं ते त्याच्यासाठी,” ते म्हणाले. “दोन फेऱ्या झाल्या आणि तू वहीत लिवलंस, फरक नाही. तुझं अक्षर लई स्पष्ट. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, पोरानं शेवटचं काय मागवलं, तर ते बी असलं. कुणी वही बघितली तर त्याला येड्यात काढंल. म्हणून वतलं. एकदाच वतणार होतो.”

“मग?”

“मग पत्र आलं तुझं.”

मी त्यांच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं.

“मीच सही केली की त्याच्यावर. पाकिटावर हैदराबाद लिवलेलं. तेवढं इंग्रजी येतं मला. संग्राम बोलला होता इंटरव्ह्यूचं. म्हणाला होता, आबा, मंजिरीचं तिथं झालं तर तिला अडवायचं न्हाई. मी म्हटलं, मी कशाला अडवू.”

एक ट्रक गेला. गाडी थोडी हलली.

“अडवलं न्हाई मी,” आबा म्हणाले. “नुसतं पेट्रोल वतलं. म्हटलं, आकडा निराळा आला की ही पोरगी सोडायची न्हाई. तपासत बसंल. फेरीवर फेरी.”

“दहाव्या फेरीला संपलं होतं, आबा.”

“तू हो म्हणालीस चारला.”

“हो.”

“माझ्यासाठी म्हणालीस?”

मी विचार केला. खरं काय ते मला मोजता येत नव्हतं, पण खोटं काय ते माहीत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मलाही संपवायचं नव्हतं.”

आबांनी मान हलवली. मग वाकून हात खाली घातला, डबी खाचेतून उपसली आणि शर्टाच्या खिशात टाकली. त्यांच्या गुडघ्यावरचा हिरवा ठिपका गेला. त्यांनी गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज होता तसाच होता.

कराडला आलो तेव्हा साडेदहाच वाजले होते. पंपावर गर्दी नव्हती. सविताताईंनी आम्हाला बघून नळी हातात घेतली. आबांनी गाडी आत वळवली नाही. पंप मागे गेला. आरशात मला सविताताई दिसल्या, नळी तशीच धरून रस्त्याकडे बघत असलेल्या. वहीत तेराव्या फेरीपुढे लिटरचा रकाना मोकळा आहे.

आबांनी गाडी अंगणात घेतली. मी उतरले आणि त्यांच्या आधी फाटकाशी गेले. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. हात भाजला, आणि मी तो झटकन मागे घेतला. तळव्यावर लाल रेघ उठली. मी तिच्याकडे बघत राहिले. दुखत होतं.

“थांब, मी लावतो,” आबा म्हणाले.

त्यांनी गळ्यातला टॉवेल हाताला गुंडाळला आणि फाटक ओढलं. कडी अडकवली. बारा रविवार त्यांनी तो प्रश्न कडीकडे बघत विचारला होता. आज कडी लावून झाल्यावर ते वळले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बघून विचारला.

“मग, पुढच्या रविवारी?”

आणि उत्तरासाठी थांबले.

“पुढच्या रविवारी मी इथे नसेन, आबा,” मी म्हणाले. “मी हैदराबादला जाणार आहे.”